गुडघ्यांच्या बाकावर पाय

पापडीच्या समस्त ग्रामस्थांना अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, गेल्या लग्नसराईत माझा डावा पाय रोज दुपारी चारच्या सुमारास कढईसमोर निवर्तत असे. अर्ध्या तासाने मुंग्या येऊन तो पुन्हा उठे. तेवढा वेळ मी कडकडीत तेलापुढे एकाच पायावर जगत असे.

हसू नका. गावातल्या बऱ्याच लग्नघरांचे तळलेले फुगे आमच्या घरून जातात. आंबवलेलं पीठ मुठीत धरून अंगठ्याजवळून पिळायचं. गोळा तेलात पडला की टुम्म फुगतो. तासन् तास उभं राहायचं काम. माझ्याआधी कढई सासूबाईंची होती. त्यांचेही पाय असेच बधिर व्हायचे. त्या कुणाला बोलल्या नाहीत, आणि एक दिवस तोल जाऊन कोपरापर्यंत हात भाजला. तेव्हापासून त्या कढईसमोर उभ्या राहिल्या नाहीत. माझ्या पायाची गोष्ट त्यांना कळली असती तर त्याच दिवशी कढई माळ्यावर गेली असती, आणि मला तर फुग्यांशिवाय दुसरं काही धड येत नाही.

त्यात ओटा त्यांच्या उंचीचा. मी त्यांच्याहून चांगली वीतभर उंच, म्हणजे दिवसभर ओणवी. कंबर बोलायला लागली तेव्हा गुपचूप फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले.

"वाकू नका, पिठाचं भांडं वर घ्या," त्या म्हणाल्या. "पायाखाली जाड काहीतरी घाला. आणि एक पाय बुटक्या कशावर तरी ठेवा, थोड्या थोड्या वेळाने बदलत राहा."

भांडं मी पालथ्या टोपावर चढवलं. पायाखाली गोणपाटाची चौपदरी घडी घातली. बुटकी वस्तू मात्र घरात एकच होती: घरच्या वेदीसमोरचा लाकडी बाक. सासूबाई रोज संध्याकाळी त्यावर गुडघे टेकून रोझरीची प्रार्थना म्हणतात.

मी तो चोरला. दुपारी त्या आडव्या झाल्या की आणायचा, उठायच्या आत पुसून जागेवर. पहिल्याच दिवशी कंबर मोकळी झाली, पाय जिवंत राहिला. पण देवाच्या बाकावर माझी तेलकट टाच! संध्याकाळी त्या गुडघे टेकायला वाकल्या की मी दाराआडून बघत उभी. आता त्यांना वास येणार, आता त्या मान वळवणार.

एकदा पीठ आंबायला उशीर झाला. मी अर्ध्या घाण्यावर आणि बाहेर चर्चची संध्याकाळची घंटा. वेदीच्या खोलीतून सपातांचा आवाज आला, थांबला.

"अगं ए, माझा बाक कुठे गेला?"

मुठीत पीठ, पुढ्यात तेल, पाय बाकावर. बाक ओट्याखाली ढकलावा तर कढईशेजारी लंगडी घालायची हिंमत होईना. सपाता जवळ आल्या. सासूबाई दारात.

त्यांनी बाक पाहिला. माझा पाय पाहिला. पुढे येऊन आधी गॅस बंद केला. माझे प्राण तिथेच गेले.

"आई, कढई तेवढी काढून घेऊ नका," मी म्हटलं.

"अगं बये, तुला कढईसमोर एका पायावर बघितल्यापासून, दोन महिने मी त्याच बाकावर गुडघे टेकून तुझ्या पायासाठीच मागतेय!"