सशीचा माज कसा ओळखायचा

मंचरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंमुळं आमचं बिऱ्हाड आळेफाट्याला टिकलं. हे आधी सांगते, बाकीचं मागून.

मी बीडकडची, सातवीतच शाळा सुटलेली. दोन हजार सालाच्या सुमारास आम्ही नवराबायको आळेफाट्याजवळ एका बागायतदाराच्या सशांच्या शेडवर कामाला लागलो. शेडला लागूनच राहायची खोली. पण सशांना पिल्लंच होईनात. मालक म्हणाले, "ताई, दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर समदे ससे विकतो, मग तुमी तुमची वाट धरा." वाट म्हणजे पुन्हा ऊसतोड.

चूक अशी, की मालकांना सवय गाईंची. गाय माजावर आली की हंबरते, वैरण सोडते, मग तिला वळूकडून भरवायची. तशीच आम्ही सशीच्या माजाची वाट बघत बसलो, आणि तोवर नर-मादी वेगळे ठेवले!

शेवटी मालकांनी डॉक्टरबाईंना आणलं. त्या खो खो हसल्या. "अहो दादा, सशी हंबरली तर मलाही बोलवा ऐकायला!" मग एक मादी मांडीवर उताणी घेऊन त्यांनी शेपटीखालची जागा दाखवली. मालक लाजून बाहेर सटकले.

"लाजू नकोस गं, तुलाच बघायचंय. ही जागा फिकट आहे ना? मग आज नको. अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. ते वाढलं की आत गर्भाशयाला आणि इथं बाहेर रक्त जास्त येतं. जागा सुजते, लाल होते. तशी दिसली की मादीला नराच्या पिंजऱ्यात सोड. नराला तिच्याकडं नेलंस तर ती चावेल. आणि हिचं बीज नर लागल्यावरच सुटतं, गाईसारखं नाही."

रोज सकाळी मी एकेक मादी मांडीवर घेऊन बघायची. फिकट, फिकट. एक दिवस एकीची डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! सोडली नराकडं.

पुढचा महिना जिवाला घोर. नवरा म्हणे, "अगं, ती सशी निवांत खातीय, तूच वाळली!" मग एका संध्याकाळी सशीनं पोटाचे केस उपटून पिंजऱ्यातल्या खोक्यात अंथरले. सकाळी बघते तर केस हलताहेत! मी केवढ्यानं ओरडले. मालक तोंडात ब्रश घेऊन धावत आले, आत डोकावले आणि फेस गाळतच म्हणाले, "कुठं जाऊ नका आता, ताई!"

त्या दिवाळीला आमच्या दारात रांगोळी होती, आणि शेडमध्ये खोक्याखोक्यात पिल्लं.

डॉक्टरबाईंनी तेव्हा चहासुद्धा घेतला नव्हता. एक दिवस त्यांना माझ्या गावी नेणार, आईच्या हातचं पोटभर जेवू घालणार. हा माझा शब्द.