चाळीस हजार पॉइंट

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. खालच्या जबड्याच्या कवळीतली डावीकडची दुसरी दाढ तिला पटलेली नाही. स्पिरिटच्या दिव्यावर सुरीचं टोक तापवून ती दाढेखालचं मेण सैल करते, दाढ केसभर आत ढकलते आणि प्लास्टरचे दोन्ही जबडे बिजागरावर मिटून बघते. टक् असा कोरडा आवाज येतो. ती पुन्हा सुरी तापवते. लॅबमध्ये अजून कोणी आलेलं नाही. पाणी उकळायला ठेवलेलं आहे, ते चहाचं नाही, मेण वितळवण्याचं.

उद्या तिची आई विमानात बसणार आहे. वय चौऱ्याहत्तर, पहिलाच विमानप्रवास, आणि एकटी. खरं तर दोघी जाणार होत्या.

ती एक्कावन्न वर्षांची आहे. कवळ्या बनवण्याच्या या कामात चोवीस वर्षं गेली. घरी ती आणि आई, दोन खोल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारे आता स्वतःच कवळीच्या वयाला आले आहेत. लॅबमध्ये सहाजण आहेत. त्यांतले सगळ्यात जुने म्हणजे पोर्सलीनचे दात भाजणारे भट्टीदादा. त्यांनी या हिवाळ्यात तिला नवं नाव दिलं, पॉइंटताई, आणि ते चिकटलं.

याची सुरुवात मावशीच्या एका फोनने झाली. मावशी आईची धाकटी बहीण. लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत दोघी तीनदा भेटल्या आणि तिन्ही वेळा मावशीच इकडे आली. आईने बहिणीचं घर कधी पाहिलं नाही, पण दर रविवारच्या फोनवरून ते तिला पाठ झालं होतं. जिन्याच्या चौदा पायऱ्या. चौथी करकरते. स्वयंपाकघराची खिडकी उजव्या हाताला की डाव्या, यावरून दोघींचं एकदा इतकं जुंपलं की पुढचा रविवार फोनच झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी म्हणाली, जिने चढवत नाहीत, घर विकते आहे. फेब्रुवारीच्या शेवटी ताबा द्यायचा. त्यानंतर वृद्धांच्या निवासात एक खोली, तिथे पाहुण्यांना रात्री राहू देत नाहीत.

आईने फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसली. भाजी निवडून झाल्यावर म्हणाली, "एकदा तिच्या घरात झोपायचं होतं मला."

विकत काढायचं तर दोघींच्या तिकिटांना तिचा पाच महिन्यांचा पगार गेला असता. पण तिच्याकडे एक कार्ड होतं. चार वर्षांपूर्वी घेतलेलं, शंभराच्या खरेदीला एक पॉइंट देणारं. साठलेल्या पॉइंटांवर विमानाचं तिकीट मिळतं. किराणा, औषधं, विजेचं बिल, आईचा चष्मा असं सगळं त्यावरच घेत, कार्ड काढतानाच मिळालेले पंधरा हजार धरून, तिने साडेसव्वीस हजार पॉइंट जमवले होते. जाऊन-येऊन एका माणसाला वीस हजार लागत. दोघींना चाळीस. कार्डवाल्यांची एक योजना होती: वर्षअखेरच्या सुट्ट्यांआधीच्या सहा आठवड्यांत कपडे, घरसामान आणि विजेच्या वस्तू यांवर तिप्पट पॉइंट. सुट्टीच्या तोंडावर लोक खरेदी करतातच. ती आपल्या कार्डावरून व्हावी, एवढंच तिला करायचं होतं.

तिने चौकटीच्या कागदावर तक्ता केला. कोणाला काय घ्यायचंय, कुठल्या दुकानातून, कुठल्या आठवड्यात. नियम एकच: पैसे आधी, कार्ड नंतर. भट्टीदादांच्या मुलीचं नवं घर लागत होतं, त्यांचा फ्रिज, कपाट, पलंग तक्त्यात आला. शेजारच्या जिन्यावरची शिवणकामवाली, तिचं मशीन. दोन मामेभाऊ. आणि थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, जिला गेली सहा वर्षं मोठं जेवणाचं टेबल हवं होतं आणि गेली सहा वर्षं ती ते पुढे ढकलत होती.

लोक तयार होते, पण कचरत होते. घेतलं आणि आवडलं नाही तर? तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "घरी नेऊन बघा. नाही जमलं तर परत. तीस दिवस आहेत."

हे तिच्या कामातलं वाक्य होतं. कवळी आधी मेणात करतात. मेणावर दात बसवायचे, ती दवाखान्यात पाठवायची, पेशंटच्या तोंडात घालून बघायची. ओठ फुगतो, हसताना हिरडी दिसते, 'स' म्हणताना शिट्टी वाजते, असे शेरे घेऊन ती परत येते. मेण गरम करून दुरुस्त करायचं, पुन्हा पाठवायचं. सगळं जमल्यावरच मेण उकळून काढतात आणि त्या जागी पक्की कवळी ओततात. चोवीस वर्षांत तिने कुठलीच गोष्ट पहिल्या फेरीत पक्की मानली नव्हती. परत येणं हा कामाचाच भाग.

परत केलेल्या मालाचे पॉइंट कापले जातात हे तिने वाचलं होतं. त्याचाही तिने हिशेब धरला. लॅबमध्ये शंभर मेणकवळ्यांतल्या चार साफ नापास होतात. तिने तेच चार धरले.

डिसेंबरची एकतीस तारीख आली तेव्हा खात्यावर चाळीस हजार नऊशे होते.

"पॉइंटताई, आमच्या फ्रिजवर तुमचं विमान कुठवर उडालं?" भट्टीदादांनी विचारलं.

"धावपट्टीच्या टोकापर्यंत."

"आणि पलंगावर?"

"पलंगावर समुद्र ओलांडला, दादा. आता कपाटावर उतरायचं."

आईने शेजारणीकडून मोठी बॅग मागून आणली आणि ती रिकामीच पलंगाखाली ठेवली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका मामेभावाचा कोट परत गेला, बाह्या लांब झाल्या म्हणून. मग पडदे. मग बुटांचे दोन जोड, मग दिव्याची एक झुंबरासारखी वस्तू, जी लावल्यावर उंच माणसांच्या डोक्याला लागत होती. खातं एकोणचाळीस हजार सहाशेवर आलं. चारशे कमी. तिने दोन महिन्यांचं वाणसामान आणि आईची औषधं आगाऊ घ्यायचं ठरवलं, वर्षभराचा विमा भरायचं ठरवलं. चारशे भरून निघाले असते. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा घराचा ताबा जाण्याआधीच्या विमानांत दोनच उरल्या होत्या, आणि वीस तारखेपर्यंत त्या धरायला हव्या होत्या.

अकरा तारखेला वहिनीचा फोन आला. "वन्सं, जरा येऊन जाता का घरी? फोनवर सांगण्यासारखं नाही."

ती कामावरून परस्पर गेली. टेबल सुंदर होतं. सहा खुर्च्या, जाड लाकूड, गुळगुळीत कडा. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये भाऊ आडवा होऊन चालत होता.

"बघा," वहिनी म्हणाली. "स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडतं. मी तिरकी होऊन आत जाते, तुमचे भाऊ तर जातच नाहीत. म्हणतात, मला डायटिंगला निमित्त मिळालं."

"घेताना माप नव्हतं घेतलं?"

"माप?" वहिनीने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना, घरी आणून बघा, नाही जमलं तर परत?"

तिने पर्स उघडली. पर्समध्ये मीटरपट्टी असतेच. तिने भिंत मोजली, टेबल मोजलं, दाराचा फिरायचा अर्धगोल मोजला. अकरा सेंटिमीटर जास्त.

तिथेच, पट्टी गुंडाळताना, तिच्या लक्षात आलं असावं. पुढे तिने ते भट्टीदादांना सांगितलं, ते असं: मेणातली कवळी ही नुसती चाचणी नसते. तिच्याआधी डॉक्टरांनी तोंडाचं माप घेतलेलं असतं. दोन मापं, एक कच्चं, एक पक्कं. मापाशिवाय लॅबमध्ये मेणाला कोणी हात लावत नाही. म्हणून शंभरातल्या चारच नापास होतात. तिने लोकांना चाचणी दिली, माप द्यायचं राहिलं. उलट परत करता येईल म्हटल्यावर ज्यांनी एरवी मोजलं असतं, त्यांनीही मोजलं नाही.

"किती पॉइंट आहेत याचे?" भावाने विचारलं. त्याला माहीत होतं.

"तीन हजार सहाशे."

वहिनी एका खुर्चीत बसली. "मग राहू दे. मावशी काय रोज घर विकतात? आम्ही जेवू उभ्याने. एक वर्ष उभ्याने जेवलो तर मरत नाही कोणी."

"आणि आत कसं जाणार?"

"तिरकी. सवय झाली आहे मला. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिरकीच चालते आहे."

भाऊ हसला, मग हसायचं थांबला.

दार अर्धं उघडं होतं. वहिनीच्या कोपराला, टेबलाची कड जिथे रोज लागत होती तिथे, निळसर डाग होता. तो बघून नणंद म्हणाली, "परत करा, वहिनी. उद्याच करा, तीस दिवस सोमवारी संपतात."

दुसऱ्या दिवशी भट्टीदादांनी तोडगा काढला. "दुकानात माल चार दिवसांनी पाठवायला सांगा. तोवर चारशेची भर घाला, दोन्ही तिकिटं काढून टाका. मग कापू देत काय कापायचं ते."

"विचारलं मी. खातं वजा गेलं तर तिकीट आपोआप रद्द होतं."

"कोणाला विचारलंत?"

"कार्डवाल्यांना. वीस मिनिटं बासरी ऐकवली, मग एका मुलीने सांगितलं."

"बासरी तरी बरी होती का?"

"सुरात नव्हती."

छत्तीस हजार. एक तिकीट, आणि सोळा हजार शिल्लक, ज्यांचं काही होत नव्हतं.

आईला सांगायला तिने रविवार निवडला, मावशीचा फोन होऊन गेल्यानंतरचा. सगळं सांगितलं, टेबलासकट. आई ऐकत होती. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ती उजवा कान पुढे करून बसते आणि त्यामुळे नेहमी संशय घेतल्यासारखी दिसते.

"म्हणजे एकीलाच."

"हो. पुढच्या वर्षी दोघी जाऊ शकतो, पण घर—"

"घर नसेल." आईने वाक्य पुरं केलं. "तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. तीन विमानतळ आहेत, मध्ये एकदा विमान बदलायचंय. तुला ऐकू कमी येतं. मी नको म्हटलं तर तू ऐकशील आणि जा म्हटलं तरी ऐकशील. म्हणून म्हणत नाही."

आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू आली असतीस तर तिथेही गोळ्या मोजत बसली असतीस. दोघी बहिणींना भांडूसुद्धा दिलं नसतंस." मग हळू आवाजात, "विमानातला संडास कसा उघडतात, तेवढं सांग मला. शेजारीण म्हणते तो आत घडी होतो. मी आत अडकले तर?"

तिला हसू आलं नाही. तिने त्याच रात्री जेवणाआधी एक तिकीट धरलं. आईच्या नावाने चाकाच्या खुर्चीची मदत मागितली, जेणेकरून विमान बदलताना कोणीतरी सोबत असेल. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भट्टीदादांना, जे दोनदा विमानात बसले होते, ते दार कसं असतं ते कागदावर काढायला लावलं. त्यांनी काढलं ते दारापेक्षा पंख्यासारखं दिसत होतं. मग तिने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, मधोमध घडी पाडली, कडेला कापडी पट्टीची बिजागरं चिकटवली आणि दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीत ते दार उभं केलं. कडीच्या जागी सरकती खूण केली.

आई आठवडाभर त्या दारातून येत-जात होती. मध्यावर दाबायचं, आत घडी. बाहेर येताना मूठ ओढायची. पहिल्या दिवशी दार हातात आलं. चौथ्या दिवशी ती हातात चहाचा कप घेऊन जाऊ लागली.

"कप कशाला?" तिने विचारलं.

"हात मोकळे असतीलच असं कुठे लिहिलंय?"

वहिनीने दुसरं टेबल घेतलं, चार खुर्च्यांचं. या वेळी तिने जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून आधी दार उघडून पाहिलं. पॉइंट तिप्पट नव्हते, ती योजना संपली होती. तरीही तिने ते नणंदेच्या कार्डावरच घेतलं.

आज संध्याकाळी बॅगेचं वजन झालं. एकवीस किलो, त्यातलं निम्मं मावशीसाठी. आईने गळ्यात अडकवायच्या पिशवीत पासपोर्ट, तिकिटाचा कागद, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी ठेवली आहे: मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, कृपया उजवीकडून बोला. ती त्या देशाच्या भाषेत लेकीने लिहून दिली आहे. मागच्या बाजूला आईने स्वतःच्या हाताने मावशीचा पत्ता लिहिला, बघून न लिहिता.

सोळा हजारांहून थोडे जास्त पॉइंट खात्यावर आहेत. ते तीन वर्षं टिकतात.

विमान उद्या अकरा वाजून वीस मिनिटांनी आहे, आणि आईला आठ वाजता तिथे पोचायचं आहे. चाकाच्या खुर्चीवाला आला की सोबतच्या माणसाला आत सोडत नाहीत. तिने रजा टाकलेली नाही. अडीच तास उशिरा येण्याची परवानगी घेतली आहे. साडेनऊला ती लॅबमधल्या आपल्या बाकावर असेल. दवाखान्यातून येणाऱ्या तोंडाच्या तीन नव्या मापांत प्लास्टर ओतायचं आहे, आणि ते दहाच्या आत ओतावं लागतं, नाहीतर माप आकसतं.