वहिनीचं भुयार

आमच्या वहिनीला भुयारातून बाहेर पडायची प्रत्येक वाट पाठ होती, पण विंझरच्या माहेरापुढं ती एकटी कधी गेली नव्हती. भुयार मोबाईलमधलं. पुण्यातल्या तीन-चार पोरांनी चालवलेला तो खेळ. ना चित्र, ना आवाज, नुसती अक्षरं. 'तुम्ही अंधाऱ्या भुयारात आहात. उत्तरेला दार आहे.' आपण 'उत्तर' असं लिहिलं की पुढची खोली. गावोगावची माणसं एकाच वेळी त्यात हिंडायची, टोपणनावं घेऊन एकमेकांशी लिहून बोलायची. आमच्या पासलीत रेंज नावालाच. तेवढ्यावर चालेल असा हा एकच खेळ, म्हणून मीच तिला तो मोबाईलवर घालून दिला. पुढं शिवापूरला कंपनीत लागलो आणि मी विसरलो. ती नाही विसरली.

खुब्याचं हाड मोडल्यापासून माझी आई खाटेला खिळली होती. वहिनी जरा नजरेआड झाली की "अगं ए" सुरू. दादा टेम्पोवर, सकाळी गेला की दिवेलागणीलाच परत. आईचं न्हाणंधुणं, औषधं, कूस बदलणं, सगळं वहिनीवर. दुपारी आईचा डोळा लागला की ती गोठ्याच्या खिडकीशी जायची. रेंजची एक काडी तिथंच यायची. उभ्या उभ्याच खेळायची, एक कान खाटेकडं लावून.

खेळातही ती आमचीच वहिनी. देऊळ आलं की आधी 'वहाणा काढ' असं लिहायची. खाली ठेवलेली वस्तू कुणीही उचलावी, असा खेळाचा नियम. तिच्या चांगल्या जादूच्या वहाणा तीनदा गेल्या. मी हसून म्हणालो, अगं ते देऊळ काय खरं आहे का? तर म्हणाली, "देव तर त्योच न्हवं?" आणि चौथ्यांदाही काढल्या. मग दोन खेळाडू आपणहून दाराशी राखणीला उभे राहायला लागले.

नवा माणूस भुयारात अडकला की तिला हाक मारायचा. ही त्याला डावं-उजवं सांगत बाहेर आणायची. त्यानं आभार मानले की लिहायची, 'जेवलास का?' त्या माणसांचा तिला लई लळा. घरात तिच्याशी दोन शब्द बोलायला होतं तरी कोण?

एका सुगीनंतर त्या मंडळींनी पुण्यात एका बागेत भेटायचं ठरवलं. वहिनीला बघायचंच, असा सगळ्यांचा हट्ट. दादा नको म्हणाला नाही, आईजवळ कोण बसणार एवढंच म्हणाला. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं. "भाऊजी, एकच दिस आत्याबाईंजवळ बसाल का?"

मी हो म्हणालो. आणि त्या रविवारी कंपनीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळत बसलो. येत नाही हे कळवायला फोन लावला, पण लागला नाही, असं मी पुढं सांगितलं. खरं म्हणजे एकदाच लावला होता.

दादाकडून कळलं ते असं. ती हिरवी साडी नेसून, तांदळाच्या लाडवांचा डबा पिशवीत घालून अंगणात उभी होती. सकाळची यष्टी आली, वळली, निघून गेली. आत आईनं हाक मारली, तशी ती पिशवी ठेवून आत गेली. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर तिनं मला चहा दिला, त्याच डब्यातले लाडू दिले. "असू द्या," म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दोन वर्षांनी आई गेली. तेरावा झाल्यावर मी वहिनीला म्हणालो, चल, आता मी तुला पुण्याला नेतो, तुझ्या माणसांना भेटवतो. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"खेळ बंद पडला, भाऊजी. दोन महिनं झालं. शेवटच्या दुपारी समद्यांनी आपली खरी नावं सांगायची, नंबर द्यायचं, असं ठरलं हुतं."

"मग लाव की त्यांना फोन."

"म्या कुठं हुते तवा? आत्याबाईंचं अंग पुसत हुते. खिडकीशी गेले तर समदं गेलेलं. एकाचंबी खरं नाव ठावं न्हाई मला."

आई माझी होती. त्या दुपारी मी शिवापूरला कॅन्टीनमध्ये निवांत जेवत असेन.