चोविशीतली म्हातारी किडनी

पॅथॉलॉजीत पेशंट बोलत नाही, म्हणून आमच्याकडे किस्से कमी असतील असं लोकांना वाटतं. उलट आहे, बाबा! पेशंट गप्प असतो म्हणून बाकी सगळे बोलतात, आणि ऐकून ऐकून आमचंच डोकं चक्रावतं. हे वर्ध्याकडचे, नव्वदच्या दशकातले.

*

एकदा तळेगावहून पोस्टमॉर्टेमचे तुकडे तपासायला आले. मी मायक्रोस्कोपखाली स्लाइड धरली. किडनी पार कामातून गेलेली. शेजारचा डॉक्टर वानखेडे डोकावून म्हणाला, "आजोबा गेलेले दिसतात."

कागदावर वय चोवीस! ट्रॅक्टरखाली सापडून मृत्यू. बरणीवरची चिठ्ठी पाहिली, सील पाहिलं, दुसरा तुकडा कापला. पुन्हा तेच.

"अरे, मग हा मेला कशानं?"

"मेला ट्रॅक्टरनं," वानखेडे म्हणाला, "पण मरत होता किडनीनं."

*

रिपोर्ट न्यायला हवालदार आला. वाचून घाम पुसायला लागला. "साहेब, एकच काहीतरी लिहा ना. आमचे साहेब मलेच इचारन, ट्रॅक्टर का किडनी?"

आमच्या हेड मॅडमनी समजावलं. मृत्यू अपघातानंच. किडनीचा आजार आतल्या आत होता, कुणाला ठाऊकच नव्हता.

हवालदार आणखी गोंधळला. "पण बाप तं म्हणते, पोट्टा पयलेपासून आळशी. काम सोडून ट्रॅक्टरच्या सावलीत झोपला, अन् ट्रॅक्टर सरकला. पिऊन होता का, तेवढं सांगा."

"ते आमच्या काचेत दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "थकलेला होता, एवढं दिसतं."

*

तीच स्लाइड मॅडमनी एमबीबीएसच्या पोरांच्या तोंडी परीक्षेला लावली. सेलूच्या एका मुलीनं आजार बरोबर ओळखला.

"सल्ला काय देशील?"

"मीठ कमी करा."

"अगं, पोस्टमॉर्टेमची आहे ती!"

पोरगी गडबडली. "मग मॅडम, घरच्यांना सांगू?"

वानखेडे फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सांगायला तर हवं," त्या म्हणाल्या, "पण काय?" मार्क मात्र पूर्ण दिले.

*

सांगायची वेळ आलीच. मुलाचे वडील स्वतःच आले. मॅडमनी खुर्ची पुढे केली.

"बसाले टाइम नाई बाई, कापूस वेचाचा राह्यला. हवालदार म्हणे, पोट्ट्याच्या अंदर बिमारी निघाली. कायची बिमारी?"

मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं. किडनी अशी गेली की अंगातलं रक्त कमी होतं, भूक मरते, थोडं काम केलं तरी माणूस गळून जातो.

"म्हणजे तो खरंच थके?"

"हो."

"त्याची माय म्हणे, पोरगं थकते. मी म्हणो, ढोंग करते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वानखेडेकडे. आमच्यापैकी कुणीतरी नाही म्हणेल अशी वाट पाहत होते बहुतेक.

मग ते त्या खुर्चीत बसले. चहा आला, निवला. बाहेर दुपार कलली. शेवटी वानखेडे हळूच म्हणाला, "काका, तळेगावची गाडी निघून जाईल. कापूस राह्यला ना?"

"जाऊ द्या जी," ते म्हणाले. "थकलो मी."