रफाराची फाईल

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. मुलीला नाही. ज्या प्रेसमध्ये मी एकोणीस वर्षं काढली तिथल्याही कुणाला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात अजूनही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपुरात आमच्या प्रेसमध्ये कंप्युटर आला. त्याआधी सगळं काम शिशाच्या खिळ्यांवर चालायचं आणि ते करायचे डोमाजीभाऊ. मूळचे आरमोरीकडचे. सव्वीस वर्षं उभं राहून त्यांनी अक्षरं जुळवली होती. उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचत. कंप्युटर आल्यावर मालकांनी खिळे भंगारात काढले आणि डोमाजीभाऊंना प्रूफं वाचायला बसवलं. कंप्युटरवर मी बसले. नागपूरला आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आलेली, बावीस वर्षांची, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली मंदा.

मालकांनी विचारलं होतं, इंग्रजी येतं ना? मी म्हणाले, येतं. ते खोटं होतं. पण मी सांगायला बसले ते हे खोटं नाही. हे लहान होतं. बहुतेक मुली तेव्हा असंच म्हणायच्या.

नागपूरच्या माणसानं पाच फ्लॉप्या आणि एक छापील कागद दिला होता. कागदावर तेवीस फायलींची नावं. सगळ्या फ्लॉप्या मशीनमध्ये उतरवून झाल्या, की कागद पडद्याशेजारी धरायचा आणि एकेक नाव जुळवून खूण करायची. तो तीनदा म्हणाला होता — एकही फाईल कमी असली तरी मशीन थांबणार नाही, बोंबलणार नाही, जे नाही ते सोडून पुढं छापत जाईल. म्हणून जुळवून बघा.

चौथ्या फ्लॉपीला पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. दोन ओळी. मला कळल्या नाहीत. मालक मागं खुर्चीत बसले होते, पेढे मागवले होते. मी कुणाला विचारणार? एक बटण दाबलं. ओळी गेल्या, काम पुढं सरकलं. मग कागद घेतला आणि तेवीसही नावांपुढं खुणा केल्या. वरून खाली, सरळ. पडद्याकडं एकदाही पाहिलं नाही. मालकांनी तो कागद भिंतीला लावला.

पहिलं मोठं काम डोमाजीभाऊंनीच आणलं. त्यांच्या गावाकडच्या मच्छीमार सोसायटीची सभासद-यादी. निवडणूक होती. तलाव कोणाच्या हातात राहणार ते त्यावर ठरायचं, आणि यादीत नाव असेल त्यालाच मत. डोमाजीभाऊ स्वतः बौद्ध, सोसायटीतली माणसं ढीवर समाजाची; पण गाव एक, शाळा एक. त्यांच्या शब्दावर ती माणसं एवढ्या दूर चंद्रपूरला आली होती.

प्रूफं आम्ही लहान प्रिंटरवर काढायचो. त्याची अक्षरं वेगळ्या फायलींतून यायची, त्या सगळ्या जागेवर होत्या. डोमाजीभाऊंनी यादी दोनदा वाचली. बोट ठेवून, ओठ हलवत. मग मी मोठ्या लेझर प्रिंटरवर शेवटची पानं काढली, जी छपाईला जायची.

ते माझ्या टेबलाशी आले. "पोरी, मोठ्या मशीनचे कागद मले एकडाव दाखव ना."

मी म्हणाले, "कंप्युटर अक्षरं खात नाही, भाऊ."

ते हसले. तसेच जागेवर गेले. त्यांना माझा राग आला नाही, हे मला आजही नीट सहन होत नाही.

यादी छापली. गेली. एका पानावरही रफार नव्हता. पार्वताबाईची पावताबाई झाली. दुर्गाची दुगा, अर्जुनचा अजुन, धर्माचा धमा. मतदानाच्या दिवशी समोरच्या गटानं हरकत घेतली — ही ती माणसं नव्हेतच. बाकीच्यांकडं सभासदत्वाची जुनी पुस्तकं होती, त्यांनी भांडून मत टाकलं. पार्वताबाईकडं काही नव्हतं. नवरा पावसाळ्यात बुडून गेला होता, सभासदत्व नुकतंच तिच्या नावावर आलं होतं, आणि त्याचा पहिला कागद म्हणजे ही यादी. तिला बाहेर काढलं. पुढं ज्यांच्या हातात तलाव गेला त्यांनी तिला वर्षभर जाळं टाकू दिलं नाही.

सोसायटीचे सचिव ती यादी घेऊन प्रेसमध्ये आले आणि मालकांच्या टेबलावर आपटून, उद्या पुन्हा येतो म्हणून गेले. मी पान पाहिलं. मला लगेच कळलं. तुम्हाला वाटेल, घाबरून पुढचं माझ्या हातून घडलं. नाही — मी फार शांतपणे केलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर भिंतीवरचा कागद काढला, पडद्याशेजारी धरला आणि पहिल्यांदा खरोखर जुळवून पाहिलं. बावीस होत्या. एक नव्हती. चौथी फ्लॉपी पुन्हा घातली. या वेळी ती निमूट उतरली. कागद परत भिंतीला लावला.

मग प्रूफं. डोमाजीभाऊंच्या खुणांची, प्रत्येक रफार जिथल्या तिथं असलेली. ती माझ्याच खणात होती. मी ती फाडली आणि कटिंग मशीनखालच्या रद्दीच्या पोत्यात खोल कोंबली. पोतं त्याच दिवशी गेलं.

दुसऱ्या दिवशी सचिवांसमोर मालकांनी मला तेच पान पुन्हा टाइप करून काढायला लावलं. स्वच्छ आलं. पार्वताबाई, दुर्गा, अर्जुन. मालक म्हणाले, "मशीन तर बरोबर काढतंय. म्हणजे आधी मजकुरातच चुकलं होतं, आणि प्रूफात कुणी पकडलं नाही."

डोमाजीभाऊ उभे राहिले. "साहेब, मी एक एक अक्षर वाचलो होतो. मंदाबाई, मले ते प्रूफं दाखव."

मी म्हणाले, "माझ्याकडं नाहीत. तुम्ही परत दिलीच नव्हती."

हे ते वाक्य. इथपर्यंत यायला मला एवढी पानं लागली. पुढं का जात नाही मी? कारण पुढचं याहून वाईट आहे.

त्यांना काढलं. सव्वीस वर्षांनंतर, सचिवांदेखत. मला वाटलं होतं ते ओरडतील, मला खोटारडी म्हणतील. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि यादीचं ते चुकलेलं पान डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

दीड वर्षानं आरमोरीच्या बसस्टँडवर भेटले. मी एका लग्नाहून परतत होते. त्यांनीच हाक मारली. वाळले होते. गावात त्यांच्याशी कोणी नीट बोलत नव्हतं, हे मला लग्नघरी कळलंच होतं. माझी बस लागेपर्यंत ते शेजारी बसले.

"गडचिरोलीले मोठ्या दवाखान्यात डोळे तपासले," ते म्हणाले. "डाक्टर म्हणते, काही नाई. पण काही तं असनच ना, बाई. एवढे रफार गेले अन् मले दिसले नाई. मी पार्वताबाईच्या घरी गेलो, पाया पडलो तिच्या. म्हटलं, माह्या डोळ्यानं तुले धोका देल्ला."

ते पेपरही वाचत नव्हते म्हणे. आधी पारावर बसून चार जणांना मोठ्यानं वाचून दाखवायचे, ते सोडलं होतं. कुणाचा अर्जसुद्धा लिहून देत नव्हते. "भेव वाटते," म्हणाले. "काय सुटन, काय नाई."

म्हणजे त्यांनी माझ्यावर संशय घेतलाच नव्हता. दीड वर्ष ते स्वतःच्याच डोळ्यांवर घेत होते. स्टँडवर आम्ही दोघंच त्या बाकावर होतो. मालक नव्हते, सचिव नव्हते. मला काहीही झालं नसतं. एक वाक्य पुरलं असतं — भाऊ, तुमचं वाचणं बरोबर होतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं का? की आता लिहिताना मी ते तिथं ठेवते आहे?

मी म्हणाले, "होते भाऊ. वयानं होते असं."

त्यांनी मान हलवली. माझी पिशवी उचलून बसमध्ये चढवून दिली.

पुढल्या उन्हाळ्यात ते गेले. प्रेसमध्ये कोणीतरी सांगितलं. मी तेव्हा एका लग्नपत्रिकेची अक्षरं जुळवत होते. ती पुरी केली, आणि दुसरी घेतली.