बर्फावर ठेवलेलं रक्त

अठरा नोव्हेंबर. सकाळचं दूध टँकरमध्ये चढवून मी संकलन केंद्रातले कॅन धूत होते. जाऊबाई शेवगावच्या दवाखान्यातून रक्त देऊन आल्या आणि जांभळ्या बुचाची नळी माझ्यासमोर धरली. ती दुपारपर्यंत नगरच्या लॅबमध्ये पोचवायची होती. त्यांना प्रवासाचा कंटाळा आला होता, म्हणून मी जाणार होते.

दोन महिन्यांपासून त्यांच्या मानेला गाठी होत्या. रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर आहे का, एवढंच आता ठरायचं होतं.

नगरच्या डॉक्टरांनी ही तपासणी मला नीट समजावली होती. काही पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवतात. अशी प्रत्येक पेशी आपल्या प्रतिपिंडाचा नमुना अंगावर, बाहेरच्या बाजूला लावून फिरते. त्या नमुन्यात एक तुकडा दोन प्रकारचा असतो, कप्पा किंवा लॅम्बडा. एका पेशीवर एकच प्रकार. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशींची सरमिसळ असते. जवळजवळ सगळ्यांवर एकच प्रकार निघाला, तर ती एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ, म्हणजे बहुतेक कॅन्सर.

हे सगळं मला कळलं होतं. तरी मी ती नळी थर्माकोलच्या डब्यात, फ्रीझरमधून काढलेल्या बर्फावर ठेवली. वीस वर्षं दुधात काढलेल्या बाईला नासणारी वस्तू हातात आली की बर्फच दिसतो. सूचनांचा कागद पिशवीतच होता. तो मी वाचला नाही.

लॅबमधल्या माणसाने डबा उघडला आणि नळी उलटी करून पाहिली. बर्फाला टेकलेल्या बाजूचं रक्त गोठलं होतं.

"मावशी, हे दूध नाही. पेशी जिवंत लागतात आम्हाला, गोठल्या की मरतात. नवीन रक्त आणा," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत दोन तास मी जाऊबाईंना काय सांगायचं याचा विचार केला आणि शेवटी घडलं ते तसंच सांगितलं. त्यांनी भाकरी थापणं थांबवलं नाही.

"माझं रगत नासवलंस व्हय गं? आता म्हशीचं काढ आन् दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा हात पुढे केला. या खेपेला मी नळी कापडी पिशवीत, मांडीवर, उन्हाच्या उलट्या बाजूला बसून नेली. त्या माणसाने ती घेतली आणि पुण्याला पाठवली.

मधल्या आठवड्यात जाऊबाई मला कुठल्या डब्यात कुठलं बी आहे ते सांगू लागल्या. गवारीचं, दोडक्याचं, भोपळ्याचं. मी म्हणाले, तुमचं तुम्हीच पेरा, मला लक्षात राहत नाही. खरं तर सगळं लक्षात राहत होतं, त्याचाच राग येत होता. आपल्या हाताने दिवस वाया गेला, हेही डोक्यातून जात नव्हतं.

अहवालाच्या दिवशी आम्ही दोघी नगरला गेलो. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत वाचला. कप्पा आणि लॅम्बडा, दोन्ही होते, आणि असायला हवेत त्या प्रमाणात. एखाद्या विषाणूच्या तापाने पेशी वाढल्या असाव्यात, गाठी हळूहळू बसतील, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं ते म्हणाले. मी विचारलं, म्हणजे कॅन्सर नाही? नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं.

"लिहून देऊ का?"

मी म्हणाले, द्या. त्यांनी हसत औषधाच्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, कॅन्सर नाही. जाऊबाईंनी चिठ्ठी लांब धरून वाचली.

"सही न्हाई केली," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सही केली.

स्टँडवर त्यांनी दोन प्लेट भजी मागवली आणि माझ्यातलीही अर्धी खाल्ली. गाडीत त्या खिडकीला टेकून घोरत होत्या. मला मात्र डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, म्हणून मी पुढच्या सीटमागे लिहिलेल्या सूचना वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पावणेसातला जाग आली. केंद्र सहाला उघडतं. मी चूळ भरली, केस तसेच गुंडाळले आणि धावत गेले. दारात सात-आठ जण कॅन घेऊन उभे होते. झोप लागली, असं मी त्यांना सांगितलं आणि कुलूप काढलं.