झेंडूच्या पाण्याने गंजलेली जीप

मखमलाबादला आमची फुलशेती होती. वडिलांची पाठ कामातून गेली तेव्हा मी आठवीत होते. फुलं बाजारात पोचवणारी डिझेल जीप मग आई चालवू लागली. चाळिशीत, मळ्यातल्या कच्च्या रस्त्यावर ती शिकली. जीप तेव्हाच जुनी होती. किलोमीटरचे आकडे एकदा पुरे फिरून पुन्हा शून्यापासून निघाले होते.

करंड्यांतल्या ओल्या झेंडूचं पाणी रोज मागच्या पत्र्यावर निथळायचं. एकदा आईने मागची रबरी मॅट उचलली, तर गंजलेल्या भोकातून खालची माती दिसली. त्याच आठवड्यात दिंडोरीच्या मामांकडची शेवंती घेऊन येताना जीप खड्ड्यात आदळली, काडकन आवाज आला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. आई उतरून वाकली.

"पाटे तुटलेत," एवढंच म्हणाली.

मागच्या चाकावरचा भार पेलणाऱ्या लोखंडी पाट्यांपैकी दोन मोडले होते. आम्ही दोघींनी सगळ्या करंड्या उजवीकडे सरकवल्या आणि आईने बैलगाडीच्या चालीने जीप दिंडोरी नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत आणली.

मिस्त्रींनी भोकात बोट घालून पत्र्याचा तुकडा मोडून दाखवला. "वहिनी, भंगारात द्या आता. पाटे बदलून देईन, पण चासीही सडली असणार."

"असणार म्हणजे? पाहिलीत का?"

आईने पदर खोचला, पोतं अंथरलं, हातोडी मागून घेतली आणि जीपखाली शिरली. गॅरेजमधली सगळी माणसं बघत होती. मला इतकी लाज वाटली की मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागून फक्त ठण, ठण ऐकू येत होतं. मग एके ठिकाणी आवाज बद्द झाला.

"इथे वीतभर गेलंय, मिस्त्री. बाकी लोखंड शाबूत आहे. या, ऐका तुम्ही."

मिस्त्रीही खाली शिरले. त्यांनी टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिलं. बाहेर आल्यावर हात पुसत म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मी न बघताच बोललो."

चार दिवसांत नवे पाटे बसले, चासीला जोड दिला, मागे नवा पत्रा वेल्ड झाला. पाणी निघून जावं म्हणून त्यात आईने भोकं पाडून घेतली. पुढे दर दिवाळीआधी ती स्वतः खाली झोपून, गंज धरू नये म्हणून जळकं ऑइल फासायची. एव्हाना माझी लाज गेली होती. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी ते कौतुकाने सांगायचे.

जीप आणखी आठ वर्षं चालली. टेम्पो घ्यायचं ठरल्यावर नामपूरचे एक कांदेवाले ती बघायला आले. आईने त्यांना वाकायला लावून प्रत्येक जोड दाखवला, रंगाखाली झाकलेलासुद्धा.

वडील हळूच म्हणाले, "एवढं सांगायची काय गरज होती?"

"उद्या हे कांदे भरतील," आई म्हणाली. "कुठे जोर द्यायचा नाही, ते माहीत नको?"

त्या गृहस्थांनी ते जोड पुन्हा एकदा बोटाने चाचपले, आणि जीप घेतली.